कस्टमरसमोर एट-डी सादर करताना आवाजच बसतो, काय करू?

बोअर_गेज

नमस्कार मंडळी,

मी चाकणला एका मशिनिंग व्हेंडरकडे क्वालिटीत आहे. दुचाकीच्या इंजिनाची ॲल्युमिनियमची कव्हरं आम्ही मशीन करून देतो. डिप्लोमा लातूरचा, त्याआधी सगळं मराठी माध्यम. शॉपवर माझ्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नाही, उलट ऑपरेटर म्हणतात साहेब जरा हळू. पण कस्टमरच्या कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टर लागला की घसा कोरडा पडतो, आवाज चिरका होतो आणि मी पडद्याकडे तोंड करून स्लाइड वाचायला लागतो. मग आमचे साहेब मध्येच सूत्रं हातात घेतात आणि उरलेलं तेच बोलतात.

पुढच्या आठवड्यात मोठा रिव्ह्यू आहे. आमच्या कव्हरमधून इंजिन टेस्टला ऑइल लीक निघालं. सीलिंग फेसवर डेंट. कारण सापडलंय: फायनल इन्स्पेक्शननंतर बिनमध्ये नग रचताना दोन थरांमधला सेपरेटर नीट बसत नव्हता, वरच्या नगाचा बॉस (वर आलेला उंचवटा) खालच्याच्या फेसला लागत होता. सेपरेटर बदलला. एट-डी (तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा आठ टप्प्यांचा रिपोर्ट) पूर्ण भरून तयार आहे, २६ स्लाइडचा. समोर त्यांचे क्वालिटी हेड, परचेसवाले, आणि यावेळी एक जपानी सल्लागारही बसणार आहेत म्हणे. साहेबांनी सांगून टाकलंय, "या वेळी सगळं तूच बोलायचं."

यूट्यूबवर बघितलं तर जो तो सांगतो हात असे ठेवा, हसतमुख राहा, गोष्ट सांगून सुरुवात करा. अहो, लीकच्या मीटिंगमध्ये गोष्ट कसली सांगू? असल्या मीटिंगा कुणी प्रत्यक्ष केल्या असतील तर सांगा. इंग्रजी बेताचं आहे, हिंदी बरं.

तळजाई_वॉकर

टोस्टमास्टर्सला जा. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आहे, पुण्यात तिचे बरेच क्लब आहेत. आधी पाहुणा म्हणून जाऊन बसता येतं. तयार भाषण ५ ते ७ मिनिटांचं, वेळ कळायला हिरवा-पिवळा-लाल दिवा. एक माणूस फक्त तुमचे 'अं', 'म्हणजे', 'सो' मोजायला बसलेला असतो, पहिल्यांदा तो आकडा ऐकून कानशिलं तापतात. टेबल टॉपिक्स म्हणून प्रकार असतो, आयत्या वेळी विषय देतात आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. कस्टमरच्या आडव्या प्रश्नांना त्याचाच उपयोग जास्त.

पुढच्या आठवड्यासाठी मात्र हे कामाचं नाही. आणि तिथे प्रत्येकाला टाळ्या मिळतात. व्हेंडर रिव्ह्यूत मिळत नाहीत, हे धरून चाला.

मायक्रॉन_काका

बोअर_गेज, मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. एका दुचाकी कंपनीत सप्लायर क्वालिटीत नोकरी गेली, आता निवृत्त. तुझ्यासारख्या पोरांचे एट-डी ऐकणं हाच धंदा होता. त्यामुळे तू काय बोलावंस यापेक्षा आम्ही काय ऐकत असतो ते सांगतो.

मीटिंगला बसलेल्या माणसाच्या डोक्यात तीनच गोष्टी असतात. आज रात्री माझी लाइन थांबणार आहे का? माझ्या स्टोअरमध्ये अजून खराब माल पडलाय का? आणि पुढच्या महिन्यात मी याच खोलीत याच डेंटवर परत बसणार आहे का? याची उत्तरं मिळेपर्यंत तुझ्या एकाही स्लाइडकडे त्याचं लक्ष नसतं, मान हलवत असला तरी. आणि व्हेंडर काय करतात? पहिल्या स्लाइडवर कंपनीचं गेट. दुसऱ्यावर चेअरमन. तिसऱ्यावर आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटीचं, सर्टिफिकेट. चौथ्यावर टीमची नावं. अरे बाबा, तुझं गेट मी ऑडिटला येताना बघितलंय!

एट-डीचा क्रम हा फाइलचा क्रम आहे. फोर्डने १९८७ मध्ये ती पद्धत पुस्तिकेत घातली ती प्रश्न सोडवणाऱ्या टीमसाठी: आधी टीम, मग प्रॉब्लेमचं वर्णन, मग तात्पुरता बंदोबस्त, मग मूळ कारण. काम त्या क्रमाने कर, कागद त्या क्रमाने भर, पण बोलताना तो क्रम पाळायची सक्ती नाही. उभा राहिलास की साधारण असं म्हण:

"गुड मॉर्निंग सर. लाइन थांबणार नाही, आजपासून येणारा प्रत्येक नग नव्या सेपरेटरमध्ये आहे. जुना माल तीन ठिकाणी होता, आपल्या लाइनवर, वाटेतल्या गाडीत आणि आमच्या स्टोअरमध्ये. तिन्हीकडचा १०० टक्के तपासला, इतके खराब निघाले, ते वेगळे काढले. आता डेंट का पडला आणि पुन्हा का पडणार नाही, ते दाखवतो."

अर्ध्या मिनिटात होतं हे. एवढंच पाठ कर. बाकी अजिबात पाठ करू नकोस. १९८२ मध्ये सुरू झालेली क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया नावाची संस्था आहे, तिच्या स्पर्धांना तू गेला असशील. तिथे शॉपवरची पोरं रांगेत उभी राहून एकेक परिच्छेद म्हणतात. काम अस्सल असतं, मशीनला हात लावलेली पोरं असतात, पण पाठांतराच्या चालीवर म्हणताना मधला एक शब्द विसरला की अख्खी गाडी थांबते, आणि आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसून त्यांच्यासाठी देव पाण्यात घालतो. त्याच पोराला चहाच्या टपरीवर विचारा, "काय रे, ते क्लॅम्पिंगचं काय केलंस?" हाताने दाखवत असं सुरेख सांगतो की ऐकत राहावं.

म्हणून दुसरी गोष्ट. नग घेऊन जा. एक डेंट पडलेला, त्यावर मार्करने गोल केलेला, एक चांगला, आणि जुना-नवा दोन्ही सेपरेटर. खोलीत शिरल्यावर टेबलावर मांडून ठेव. बोलताना नग हातात असला की हातांचं काय करायचं हा प्रश्नच मिटतो, आणि लोक पडद्याऐवजी तुझ्या हाताकडे बघतात. क्वालिटी हेड नक्की नग मागून घेईल आणि फेसवरून नख फिरवेल. फिरवू दे. तेवढा वेळ गप्प राहा. लेझर पॉइंटर मात्र घरी ठेव. हात जरासा थरथरला तरी पडद्यावरचा ठिपका फूटभर नाचतो आणि सगळ्या खोलीला तुझी नाडी दिसते.

स्लाइड २६ आहेत ना? सहा ठेव. प्रॉब्लेमचा फोटो, बंदोबस्ताचे आकडे, कारण, उपाय, आडवा विस्तार (म्हणजे दुसऱ्या कुठल्या पार्टला हेच बिन वापरता का, हे विचारतातच) आणि तारखा. बाकीच्या वीस शेवटच्या स्लाइडमागे लपवून ठेव आणि कुठली कितव्या नंबरवर आहे ते एका चिठ्ठीवर लिही. कुणी कंट्रोल प्लॅन मागितला की स्लाइड शोमध्येच नंबर टाइप करून एंटर मार, थेट तीच स्लाइड उघडते. हे करताना तुला कुणी बघितलं की अर्धी भीड तिथेच चेपते, कारण तयारी दिसते. कुठे चर्चा रंगली तर कीबोर्डवरचं बी दाब, पडदा काळा होतो आणि माणसं एकमेकांकडे बघून बोलतात. पुन्हा दाबलं की परत येतो. आणि एखाद्या स्लाइडवर श्रीलिपी फॉन्टमधलं मराठी असेल तर पीडीएफ सोबत ने, नाहीतर त्यांच्या लॅपटॉपवर तुझ्या कारणमीमांसेची इंग्रजी अक्षरांची भेळ होईल.

आता खरी गोष्ट, जिच्यावर तुझा आवाज अवलंबून आहे. तू लिहिलंस "कारण सापडलंय". कसं सापडलं? टेबलावर बसून पाच वेळा 'का' विचारून, की डेंट पाडून? तू स्वतः सेपरेटर तिरका बसवून, बिन भरून, ट्रॉली शॉपभर फिरवून डेंट पाडलास का? आणि नवा सेपरेटर टाकून तीच ट्रॉली त्याच वाटेने फिरवल्यावर डेंट पडला नाही, हे बघितलंस का? कारण चालू-बंद करून दाखवता आलं तरच ते कारण. ज्याने हे स्वतःच्या हाताने केलंय त्याचा आवाज मी कधी बसलेला ऐकला नाही, मग तो तोडकं हिंदी बोलो नाहीतर कानडी हेल काढून इंग्रजी. ज्याने केलं नाही त्याच्या सुटाबुटातल्या इंग्रजीला आम्ही तिसऱ्या प्रश्नाला घाम फोडायचो. घसा कोरडा पडतो तो पुष्कळदा चौथ्या डीमुळे, म्हणजे मूळ कारणाच्या टप्प्यामुळे, त्यावर खडीसाखर चघळून भागत नाही.

आणि कृपा करून "ऑपरेटरला समज दिली, ट्रेनिंग दिलं" ही ओळ कुठे असेल तर काढ. ती वाचली की आम्ही पेन खाली ठेवायचो.

सायली_टूलिंग

काकांचं बहुतेक पटलं. मी कटिंग टूल्स विकते, ॲप्लिकेशन इंजिनिअर, रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीत प्रेझेंटेशन. पण "काम पक्कं असेल तर भाषा आपोआप" हे टेबलाच्या त्या बाजूला बसून म्हणायला सोपं आहे, काका. मी ट्रायलचे आकडे स्वतः घेतलेले असतात, इन्सर्ट स्वतः बदललेला असतो, तरी तिसऱ्या वाक्याला कुणीतरी तोडतंच. आणि उत्तर माझ्या शेजारच्या ज्युनियर मुलाकडे बघून मागतात. त्यामुळे थोडं तंत्रही लागतं.

बोअर_गेज, तुमच्यासाठी त्यातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमचे साहेब. ते मध्ये बोलतात कारण तुम्ही थांबलात की त्यांना काळजी वाटते. आदल्या दिवशी त्यांच्यासोबत बसा आणि वाटणी करा. खर्च कोण सोसणार, लाइन रिजेक्शनचं डेबिट (खराब मालाची वजावट), नव्या बिनची तारीख, हे विषय त्यांचे. टेक्निकल सगळे तुमचे. आणि स्पष्ट विचारा, "सर, मी अडखळलो तर पाच सेकंद थांबाल का?" माझ्या साहेबांना हे सांगितल्यावर ते आधी हसले, पण थांबायला लागले.

भाषेचं म्हणाल तर सुरुवातीलाच एकदा विचारा, "सर, हिंदीत सांगितलं तर चालेल ना?" चालतंच. पण "माय इंग्लिश इज नॉट गुड, सॉरी" असं म्हणू नका. त्यानंतर लोक तुमच्या चुका मोजायला बसतात. आकडे, तारखा आणि ड्रॉइंगवरचे शब्द मात्र इंग्रजीतच बोला, कारण समोरचा ते तसेच लिहून घेत असतो.

कुणी तोडलं तर मी हात किंचित वर करून म्हणते, "एक वाक्य पूरा करती हूँ, फिर आपका सवाल." आवाज चढवत नाही. मोठ्याने बोला हा सल्ला पुरुषांनी पुरुषांना दिलेला आहे, माझा आवाज चढला की लोक म्हणतात मॅडम चिडल्या. मी उलट वेग कमी करते आणि वाक्याचा शेवट खाली आणून सोडते. तुमचा आवाज चिरका होतो म्हणालात, तेव्हा वाक्याचा शेवट वर जात असणार. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकवत नाही, पण ऐका.

मायक्रॉन_काका

सायलीताई, मान्य. त्या खुर्चीतून हे दिसायचं नाही. साहेबांबरोबर वाटणीचा मुद्दा तर मी लिहायलाच हवा होता. व्हेंडरचे दोघे एकमेकांना खोडून काढायला लागले की आम्हाला फुकट करमणूक असायची, आणि खरं कारणही तिथेच बाहेर यायचं.

तोयोहाशीकर

मी जपानमध्ये, आइचीत असतो, ऑटो पार्ट्समध्येच. सल्लागार दुभाष्या घेऊन येणार असतील तर पहिलं गणित वेळेचं. ३० मिनिटांच्या मीटिंगमध्ये तुमची १५च. एक छोटं वाक्य, थांबा, भाषांतर होऊ द्या, पुढचं वाक्य. बोलताना दुभाष्याकडे बघायचं नाही, सल्लागारांकडे बघायचं. थांबून थांबून बोलावं लागतं म्हणून घाबरणाऱ्या माणसाला हे उलट सोयीचं पडतं, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायला मिळतो.

ते मान हलवून "हाय, हाय" म्हणतील. याचा अर्थ ऐकतोय. पटलं असा नाही. तेवढ्यावर खूश होऊन पुढच्या स्लाइडला पळू नका. तुमचं झाल्यावर ते बराच वेळ काहीच बोलणार नाहीत. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण ती भरायला जातो आणि कुणी न विचारलेली माहिती देऊन बसतो. त्या वेळी पाणी प्या.

२६ काय आणि सहा काय, त्यांच्यासाठी एक ए-थ्री कागद छापून न्या. टोयोटात अख्खा प्रश्न एका ए-थ्रीवर मांडायची पद्धत आहे आणि इथल्या बहुतेक लोकांची सवय तीच. डावीकडे काय झालं आणि का, उजवीकडे काय केलं आणि पुढे काय. फोटो मोठे. "सर, हंड्रेड पर्सेंट अब कभी नहीं होगा" असं म्हणू नका, लगेच विचारतील कशावरून. आणि कागद बाजूला ठेवून "जागा दाखवा" म्हणायची शक्यता बरीच. तुमचं पॅकिंग स्टेशन त्या दिवशी रोजच्यासारखं चालू असू दे. खास झाडून-पुसून ठेवलेलं लगेच ओळखतात.

बोअर_गेज

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा तो "डेंट पाडलास का" प्रश्न वाचून आज सेकंड शिफ्टला बसलो. जुना सेपरेटर तिरका टाकून बिन भरला आणि ट्रॉली शॉपभर फिरवली. एकही डेंट नाही! पोटात गोळा आला. मग आमच्या पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, "साहेब, गाडीत चढवताना बघा की." डिस्पॅचच्या दारात डॉकची लोखंडी प्लेट आहे, तिच्या कडेवरून ट्रॉली जाताना सणकून आदळते. तिथून नेली तर वरच्या दोन थरांत डेंट पडले. नव्या सेपरेटरने तीच ट्रॉली तिथूनच नेली, काही झालं नाही. व्हिडिओ काढलाय. म्हणजे कारण अर्धं सेपरेटर आणि अर्धं ती कड. एट-डीत कडेचा उल्लेखच नाही.

आता दोन प्रश्न. एक, कड आजच सापडली हे मीटिंगमध्ये सांगू का? उशिरा सापडलं म्हणून झापतील का? दुसरा, उत्तर येत नसेल तर काय म्हणायचं? मी त्या वेळी काहीतरी बोलून टाकतो.

मायक्रॉन_काका

मावशींना चहा पाज.

सांग म्हणजे काय, तीच तुझी पहिली स्लाइड. तू विचारत होतास ना गोष्ट कसली सांगू? ही सांग. "सेपरेटर हेच कारण वाटत होतं. तपासायला ट्रॉली फिरवली, डेंट पडला नाही. मग डॉकवर नेली." आणि व्हिडिओ लाव. आधी जुना सेपरेटर, मग नवा, मागे आवाज असू दे. आदळल्याचा तो खणखणाट खोलीत ऐकू आला पाहिजे, म्हणून स्पीकर आधी तपास. व्हिडिओ फाइल लॅपटॉपवरच ठेव, लिंकवर ठेवू नकोस, कस्टमरच्या गेटवरच्या नेटवर्कवर भरवसा नाही. झापतील कदाचित. झापणारा माणूस पुढच्या वाक्याला "कडेचं काय करणार?" असं विचारतो, तेव्हा उत्तर तयार हवं. मेन्टेनन्सला आजच सांग: प्लेटला उतार करून देणार की ट्रॉलीची चाकं बदलणार, आणि तारीख काय. हीच प्लेट ओलांडून दुसरे कुठले पार्ट जातात तेही शोध. क्वालिटी हेड मुरलेला असेल तर त्याचा पहिला प्रश्न तोच असेल.

उत्तर येत नसेल तेव्हा म्हणायचं, "हे मोजलेलं नाही. उद्या ११ वाजेपर्यंत मेल करतो." आणि हे त्याच्यासमोर वहीत लिहायचं. वेळ सांगितल्याशिवाय नुसतं "चेक करून सांगतो" म्हणालास तर ते पळवाट वाटतं. ११ म्हटलंस तर साडेदहाला मेल गेला पाहिजे, आकडा आला नसला तरी "मोजणी चालू आहे" एवढा तरी.

सराव आरशासमोर करू नकोस. मावशी, ट्रॉली ढकलणारा पोरगा आणि मेन्टेनन्सचा एक जण, अशा तिघांना पॅकिंग स्टेशनवर उभं कर आणि सहा स्लाइड त्यांना मराठीत सांग. त्यांना जिथे कळणार नाही तिथे क्वालिटी हेडलाही कळणार नाही. मावशी मध्येच "असं नाही साहेब" म्हणाल्या तर वाद घालू नकोस, लिहून घे.

सायली_टूलिंग

आणि मावशींचं नाव टीमच्या स्लाइडवर घाला. ती स्लाइड काका काढायला सांगतायत, पण या वेळी राहू द्या.

मायक्रॉन_काका

राहू दे. शेवटून दुसरी ठेव.